अ‍ॅम्पशिवाय चालेल का? पहिला चांगला हेडफोन घेण्याआधीचं दहा मिनिटांचं गणित

दरवर्षी प्रवेश आटोपले, पहिली फेलोशिप खात्यात जमा झाली, की विभागातल्या नव्या मुलांपैकी कोणीतरी मला हमखास विचारतं, "ताई, एक चांगला हेडफोन घ्यायचाय. फोनला आणि लॅपटॉपलाच लावणार. अ‍ॅम्प-बिम्प नको. कोणता घेऊ?"

मलाच विचारतात, कारण या बाबतीत मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले आहे आणि ते सगळ्या विभागाला माहीत आहे.

झालं असं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी रखडलेली फेलोशिप एकदम जमा झाली. बरेच महिने मनात असलेली गोष्ट करायची ठरवलं. एका सीनियरने सांगितलं होतं, "पन्नास ओहमच्या खालचा घे, फोनवर आरामात चालतो." मी इंटरनेटवर वाचलं, तिथेही तेच. मग ओळखीतल्या एकाकडून साडेबारा हजाराला जवळपास नवा असलेला एक हेडफोन घेतला. प्लेनर मॅग्नेटिक प्रकारचा, ४० ओहमचा. घरी आले, डाँगल लावलं, फोनचा आवाज पूर्ण केला आणि आजीचं रेकॉर्डिंग लावलं. मामाने कधीतरी तिच्या जात्यावरच्या ओव्या साध्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आजी आता नाही. मला ते एकदा नीट, शांतपणे ऐकायचं होतं.

ऐकू आला तो खोलीतला पंखा. आजी कुठेतरी भिंतीपलीकडे बसून गात असावी, इतकाच तिचा आवाज.

विकणाऱ्याने फसवलं नव्हतं. सगळे आकडे खोक्यावर छापलेले होते. मी ते वाचलेही होते. फक्त त्यांचं काय करायचं असतं ते केलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी एमएस्सीच्या मुलांना प्रॅक्टिकलमध्ये ओहमचा नियम विचारत होते.

म्हणून आज कोणत्या कंपनीचा घ्या हे सांगणार नाही. ते तुमचं तुम्हालाच काढता येईल, असं गणित सांगते. अकरावीच्या पुढचं त्यात काही नाही.

आधी प्रश्न नीट मांडू

"अ‍ॅम्पशिवाय चालेल का?" या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न लपलेले आहेत. पहिला, आवाज पुरेसा मोठा होईल का? दुसरा, आवाज जसा हवा तसा, म्हणजे त्याचा पोत न बिघडता येईल का? या दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या आकड्यांवर ठरतात. लोक दोन्हींची सरमिसळ करतात, आणि मग एक जण म्हणतो "मस्त चालतो", दुसरा म्हणतो "अजिबात चालत नाही", आणि दोघंही खरं बोलत असतात.

आधी आवाजाचं बघू.

दोन आकडे, आणि एककातला खड्डा

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे महत्त्वाचे. एक इम्पीडन्स, ओहममध्ये. म्हणजे विजेच्या प्रवाहाला हेडफोन किती अडवतो. दुसरा सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये. म्हणजे दिलेल्या विजेतून तो किती आवाज काढतो.

सगळे सल्ले पहिल्या आकड्यावर अडकतात. पण नुसता इम्पीडन्स सांगणं म्हणजे गाडीच्या टाकीत किती पेट्रोल मावतं तेवढंच सांगणं झालं. एका लिटरला किती पळते ते कळल्याशिवाय गाडी कुठवर जाईल ते कसं सांगणार?

सेन्सिटिव्हिटी वाचताना मात्र एकक नीट बघा. काही कंपन्या ती "एका मिलिवॅटला इतके डेसिबल" अशी देतात, काही "एका व्होल्टला इतके डेसिबल" अशी. काही जण नुसतंच डेसिबल छापून मोकळे होतात. या दोन मापांत १० ते १५ डेसिबलचा फरक सहज पडतो. समजा, ३२ ओहमचा एक हेडफोन व्होल्टला ११० डेसिबल देतो आणि ३८ ओहमचा दुसरा मिलिवॅटला ९९. दुकानात बघाल तर पहिला जोरात वाटेल. पण दुसऱ्याचं माप व्होल्टमध्ये आणलं तर ते ११३ डेसिबल होतं. म्हणजे ९९ वाला ११० वाल्यापेक्षा जास्त वाजतो! एकक न बघता आकड्यांची तुलना करणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत नापास होतो. दुकानात त्याचे फक्त पैसे जातात.

आता गणित

फोन किंवा डाँगल हेडफोनला एक ठरावीक व्होल्टेज देऊ शकतं. साधी डाँगल्स पूर्ण आवाजाला ०.५ ते १ व्होल्टच्या आसपास देतात. उदाहरणार्थ अ‍ॅपलचं यूएसबी-सीचं छोटं डाँगल घ्या. अमेरिकेत विकलं जाणारं साधारण १ व्होल्ट देतं, युरोपातलं तिथल्या आवाजाच्या मर्यादेमुळे त्याच्या निम्मं. आपण सावध राहून ०.५ व्होल्ट धरू.

शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले इम्पीडन्स. माझ्या हेडफोनला ०.५ चा वर्ग ०.२५, भागिले ४०, म्हणजे ६.२५ मिलिवॅट मिळत होते. आता १ मिलिवॅटच्या तुलनेत हे किती डेसिबल जास्त? शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १०. नेमकं हवं असेल तर मिलिवॅटचा लॉग काढा आणि १० ने गुणा. ६.२५ चे येतात ८ डेसिबल. माझ्या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला ८७ डेसिबल होती. ८७ अधिक ८, झाले ९५.

म्हणजे फोन पूर्ण पिळला तरी जास्तीत जास्त ९५ डेसिबल. हा आकडा लक्षात ठेवा.

हेच गणित काही प्रसिद्ध हेडफोनना लावून बघू, ०.५ व्होल्टवरच. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा, मिलिवॅटला ९९ डेसिबल. त्याला साडेसहा मिलिवॅट मिळतात, आवाज सुमारे १०७ डेसिबलपर्यंत जातो. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून बाजारात आहे, दिसायला खेळण्यासारखा, पण ६० ओहम आणि मिलिवॅटला १०१ डेसिबल. तोही १०७ च्या आसपास पोचतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला ९६. तर ३२ ओहमवाला १०५ पर्यंत, ८० वाला १०१ पर्यंत, आणि २५० वाल्याला बरोबर १ मिलिवॅट मिळतो म्हणून तो ९६ ला थांबतो. नाव एकच, पण खोक्यावरचा ओहमचा आकडा न बघता मागवलात तर ९ डेसिबलचा फरक पडतो.

आता खरी मजा. सेन्हायझरचा एचडी ६५० तब्बल ३०० ओहमचा आहे. माझ्या सीनियरच्या नियमाने तो फोनवर मुळीच चालायला नको. पण त्याची सेन्सिटिव्हिटी व्होल्टला १०३ डेसिबल आहे. अर्ध्या व्होल्टला ६ वजा करायचे, म्हणजे ९७. माझ्या ४० ओहमच्या हेडफोनपेक्षा २ डेसिबल जास्तच! उलट टोकाला हायफायमॅनचा एचई-६ बघा. इम्पीडन्स फक्त ५० ओहम, पण सेन्सिटिव्हिटी ८३.५. तो ९०.५ डेसिबलला दमतो.

थोडक्यात, "कमी ओहम म्हणजे फोनवर चालतो" हा नियम बऱ्याचदा बरोबर येतो, कारण फोनसाठी बनवलेले बहुतेक हेडफोन कमी ओहमचे आणि जास्त सेन्सिटिव्हिटीचे, दोन्ही असतात. दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून फिरतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. हे वाक्य तुम्ही संशोधन पद्धतीच्या तासाला शंभरदा ऐकाल. मी साडेबारा हजार देऊन शिकले.

मग किती डेसिबल पुरतात?

ही पायरी सगळे विसरतात. ९५ डेसिबल म्हणजे खरं तर भरपूर आवाज. मग मला आजी का ऐकू येत नव्हती?

कारण ९५ हा शिखराचा आकडा आहे. गाण्यातला सर्वांत जोराचा क्षण तिथवर जातो, बाकी सगळं त्याच्या खाली असतं. किती खाली, ते रेकॉर्डिंगवर अवलंबून. आजकालची सिनेमाची गाणी अशी दाबून मोठी केलेली असतात की सरासरी पातळी शिखरापासून साधारण ८ ते १० डेसिबलच खाली असते. म्हणजे माझ्या हेडफोनवर ती ८५ च्या पुढे, कान किटतील इतकी वाजत होती. जुन्या ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरी २० डेसिबल खाली असू शकते, आणि आलापाची सुरुवात त्याहून खाली. ती ७५ किंवा ६५ वर आली.

शांत खोलीत सरासरी ७५ ते ८० डेसिबल म्हणजे छान मोकळं ऐकणं. त्यावर शिखरांसाठी २५ डेसिबलची जागा सोडा. म्हणजे १०० ते १०५ डेसिबल जमले की अ‍ॅम्प विसरा. फक्त नवी गाणी आणि रील्स ऐकणार असाल तर ९५ सुद्धा पुरेल. ख्याल, पाश्चात्त्य शास्त्रीय किंवा कमी आवाजात रेकॉर्ड झालेली व्याख्यानं ऐकणार असाल तर १०५ च्या बाजूला राहा. इक्वलायझर वापरून खर्ज ६ डेसिबलने वाढवणार असाल तर आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी तेवढीच खाली आणावी लागते. तेव्हा तेवढे डेसिबलही हिशेबात धरा.

"चालतो" आणि "चालत नाही" म्हणणारे दोघंही खरे कसे, ते आता कळलं असेल. एक जण सिनेमाची गाणी ऐकत होता, दुसरा ख्याल. कोणीच ते सांगितलं नव्हतं.

आजीच्या रेकॉर्डिंगचं काय झालं

हे गणित मी हेडफोन घेतल्यावर आठ दिवसांनी केलं. ९५ आकडा आला आणि मी अ‍ॅम्प शोधायला लागले. सात हजारांचा एक निवडलाही. लॅबमधल्या मैत्रिणीला कौतुकाने सगळी आकडेमोड दाखवली. ती आमच्याकडे नॉइज मोजते. तिने कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "अगं, पण फाईलमध्ये शिखर किती आहे ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाईल उघडली. मामाचा फोन आजीपासून लांब ठेवलेला असावा. संपूर्ण रेकॉर्डिंगचं शिखर डिजिटल कमालपातळीच्या १८ डेसिबल खाली होतं. म्हणजे माझ्या ९५ मधून १८ आधीच गेले होते, आणि उरलेल्या ७७ च्या खाली आजीची सरासरी ६० च्या घरात. वर खोलीत पंखा. ऐकू येणार कसं?

सॉफ्टवेअरमध्ये पातळी १५ डेसिबल वाढवली. दोन क्लिक, शून्य रुपये. आजी भिंतीतून बाहेर आली आणि समोर बसली. जात्याची घरघरही वाढली, पण ती अ‍ॅम्पनेही वाढलीच असती. सिग्नलबरोबर नॉइजही वाढतो, त्याला अ‍ॅम्प काही करू शकत नाही. आणि खरं सांगू का, ती घरघर मला हवीच होती.

सात हजार वाचले ते बाजूला ठेवा. मी हेडफोनवर दोषारोप करून बसले होते, हेडफोनवर खापर फोडणारं गणितही केलं होतं, गणित बरोबरही होतं, आणि तरी निम्म्याहून जास्त घट दुसरीकडेच होत होती. उद्या तुमच्या प्रयोगात सिग्नल मिळेनासा होईल. तेव्हा नवं उपकरण मागवण्याचा अर्ज लिहिण्याआधी नमुन्यापासून पडद्यापर्यंतची साखळी एकेक कडी करून तपासा. सिग्नल कुठे हरवतोय ते आधी, उपाय नंतर.

दुसरा प्रश्न: पोत बिघडेल का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. फोनला किंवा लॅपटॉपलाही स्वतःचा आतला रोध असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. हा रोध आणि हेडफोन मिळून व्होल्टेज वाटून घेतात. नुसतं वाटून घेतलं असतं तर थोडा आवाज कमी झाला असता, एवढंच. पण अनेक हेडफोनांचा, विशेषतः कानात घालायच्या बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारच्या इयरफोनांचा इम्पीडन्स प्रत्येक वारंवारतेला वेगळा असतो. समजा एका ठिकाणी ८ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ३२ आहे. लॅपटॉपचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल तर या दोन वारंवारतांमध्ये जवळपास ४.७ डेसिबलचा असमतोल तयार होतो. हा फरक कोणालाही ऐकू येईल. आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असेल तर तोच असमतोल पाऊण डेसिबलवर येतो.

भौतिकशास्त्राची मुलं इथे एक चूक हमखास करतात. मॅक्झिमम पॉवर ट्रान्स्फर थिअरम इतकं घोकलेलं असतं की दोन्ही इम्पीडन्स सारखे हवेत असं वाटतं. इथे तसं नको. आपल्याला जास्तीत जास्त शक्ती नको आहे, व्होल्टेज स्थिर हवं आहे. म्हणून देणाऱ्याचा इम्पीडन्स घेणाऱ्यापेक्षा बराच कमी हवा. ढोबळ नियम असा, की हेडफोनचा इम्पीडन्स आउटपुटच्या निदान आठपट असावा.

लॅपटॉपचा हा आकडा सहसा कुठे छापलेला नसतो. पण लॅबमध्ये मल्टिमीटर आहे ना? मग मोजा. हेडफोन काढून ठेवा. ६० हर्ट्‌झचा शुद्ध स्वर पूर्ण आवाजात लावा आणि मोकळ्या पिनवर एसी व्होल्टेज मोजा. मग ३३ ओहमचा रोधक जोडून पुन्हा मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, १ वजा करा, ३३ ने गुणा. पहिलं माप ०.५० आणि दुसरं ०.४७ आलं तर आउटपुट इम्पीडन्स साधारण २ ओहम. पिना एकमेकींना चिकटवू नका, आणि हे चालू असताना हेडफोन कानाला लावू नका. याच मोजमापात तुमच्या फोनचं खरं कमाल व्होल्टेजही मिळतं. मग माझ्या ०.५ वर विसंबायची गरज नाही.

ब्लूटूथ हेडफोन घेणार असाल तर वरचं सगळं सोडून द्या. त्याचा अ‍ॅम्प आतच असतो आणि कंपनीने तो जुळवलेला असतो. फक्त बॅटरी म्हातारी होते, हे लक्षात असू द्या. तारेचा हेडफोन गाद्या बदलत दहा-पंधरा वर्षं सहज वापरता येतो.

महाग म्हणजे चांगला?

२०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दोन संकेतस्थळांवर खुली असलेली २८३ हेडफोनांची मोजमापं गोळा केली, त्यांच्या किमती जोडल्या, आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सवरून काढलेली गुणवत्ता आणि किंमत यांचा काही संबंध लागतो का ते बघितलं. जवळपास काहीच लागला नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा निबंध मुद्दाम वाचावा. नवं उपकरण नाही, लॅब नाही. सगळ्यांना उपलब्ध असलेल्या माहितीला एक साधा, नेमका प्रश्न विचारला आहे.

याचा अर्थ महाग हेडफोन वाईट असा होत नाही. जास्त पैशात बांधणी, गाद्या, वजन, सुटे भाग चांगले मिळू शकतात. पण आवाज चांगला असेल असं किमतीवरून गृहीत धरता येत नाही. तसंच "५ ते ४०,००० हर्ट्‌झ" या छापील आकड्याचं. माणसाला साधारण २० ते २०,००० ऐकू येतं, आणि त्या टोकाला आवाज किती डेसिबल घसरतो ते सांगितल्याशिवाय हा आकडा निरुपयोगी.

तुमच्या जागेसाठी कोणता

पाठीमागून उघडा असलेला हेडफोन मोकळा वाटतो, पण त्याचा आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. होस्टेलला रूममेट असेल, ग्रंथालयात बसत असाल, तर बंद पाठीचाच घ्या. बाहेरचा गोंगाट कमी आला की आवाजही कमी ठेवता येतो.

बंद हेडफोनचा खर्ज गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर ठरतो. चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते आणि खर्ज तिथून गळतो. चष्मा असेल तर चष्मा घालूनच ऐकून बघा. निदान पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवा. पहिल्या मिनिटाला सगळेच मऊ लागतात. तार सुटी होते का आणि गाद्या वेगळ्या विकत मिळतात का, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचाराच.

ऐकताना तुम्हाला पाठ असलेली रेकॉर्डिंग न्या. मी तीन नेते. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे वरचे स्वर कसे येतात ते कळतं. डग्ग्याची घुमक, खर्जासाठी. आणि साधं मराठी बोलणं. "स", "श", "च" कानाला टोचले तर तो हेडफोन दोन तासांच्या व्याख्यानाला चालणार नाही.

दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. एक जरासा जोरात वाजला तरी आपला मेंदू त्याला "जास्त स्पष्ट" ठरवतो. शक्य असेल तर मित्राला बदलून द्यायला सांगा आणि डोळे मिटा. किंमत माहीत असताना दिलेलं मत हे आवाजाबद्दलचं मत राहत नाही.

कानांचं बजेट

शेवटचं, पण गंमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. व्हॅक्यूम पंप आणि चिलरच्या आवाजावर मात करायला आपण नकळत ८५ च्या पुढे जातो, आणि पीएचडी पाच वर्षांची असते. गेलेले कान परत येत नाहीत. आणि रसायनं, लेझर किंवा गॅसची कामं चालू असताना हेडफोन अजिबात नको. काही बिघडलं की ते आधी कानालाच कळतं.

तर पुढच्या वेळी कोणी विचारलं, "अ‍ॅम्पशिवाय चालेल का?", तर उत्तर देण्याआधी तीन प्रश्न उलट विचारा: कशाला लावणार, काय ऐकणार, आणि कुठे बसून? मग वही काढा. व्होल्टेजचा वर्ग, भागिले ओहम, लॉग, अधिक सेन्सिटिव्हिटी.

माझा तो हेडफोन मी विकला नाही. वसतिगृहातल्या खोलीत आहे. रात्री पंखा बंद करते आणि ख्याल लावते. तेवढ्याला तो पुरतो, आता मला ते आधीच माहीत असतं.

तुमच्या फोनचं व्होल्टेज मोजलंत तर आकडा नक्की कळवा. एकक विसरू नका.